तुर्की गाणं आणि सरकारचा कान

ऑगस्ट २०२२ मध्ये गुलशेन या लोकप्रिय तुर्की गायिकेला अटक झाली. चार महिन्यांपूर्वीच्या एका कार्यक्रमात तिनं स्टेजवरच्या सहकाऱ्याची थट्टा करता करता इमाम हातिप शाळांवर, म्हणजे धार्मिक शिक्षण देणाऱ्या सरकारी शाळांवर, एक वाक्य टाकलं होतं. ती चित्रफीत अचानक फिरू लागली आणि गुलशेन तुरुंगात गेली. मग घरातच नजरकैद, आणि मे २०२३ मध्ये दहा महिन्यांची स्थगित शिक्षा. तेव्हापासून तुर्कस्तानच्या संगीताचा विषय निघाला की दोन ठरलेले सूर ऐकू येतात. एक सूर असा, की प्रजासत्ताकाचे संस्थापक केमाल अतातुर्क, म्हणजे आपले केमाल पाशा, यांनी एक मोकळा, आधुनिक देश घडवला होता आणि राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांच्या धर्मवादी राजवटीनं त्याचा गळा घोटला. दुसरा असा, की मूठभर शहरी लोकांनी कित्येक दशकं सामान्य माणसाच्या गाण्याची हेटाळणी केली, आता कुठे त्या माणसाला मान मिळतोय. मराठीत पहिला सूर जास्त ऐकू येतो, कारण आपल्या सुधारक परंपरेचं केमाल पाशावर जुनं प्रेम आहे. त्या प्रेमात मीही वाढलो. तरीही माझं मत असं, की हे दोघंही मूळ प्रश्नाला बगल देतात.

मूळ प्रश्न हा, की लोकांनी काय ऐकायचं हे सरकारनं का ठरवावं? गेल्या नव्वद वर्षांत तुर्कस्तानात सत्तेवरची माणसं बदलली, नावडतं गाणं बदललं, बंदीची कारणं बदलली. पण 'ठरवायचं आम्हीच' हा हट्ट एकाही राजवटीनं सोडला नाही. तिथं गाण्याला वेळोवेळी सवलत मिळाली, हक्क मात्र मिळाला नाही. आणि ज्याला त्याला आपली सवलत पदरात पडली की दुसऱ्यावरच्या बंदीचं सोयरसुतक उरलं नाही. आजची दडपशाही या गप्प राहण्यावर पोसली गेली आहे.

गोष्ट १९३४ पासून सांगावी लागते. १ नोव्हेंबरला संसदेचं अधिवेशन सुरू करताना अतातुर्क म्हणाले की आज जगाला आपलं म्हणून जे संगीत ऐकवलं जातं, त्यानं मान उंचावावी अशी त्याची योग्यता नाही. लगेचच गृहखात्यानं हुकूम काढला आणि रेडिओवरचं पारंपरिक तुर्की संगीत, म्हणजे उस्मानी दरबारापासून शहरी मैफलींपर्यंत चालत आलेली मकामांची, म्हणजे आपल्या रागांसारख्या स्वरचौकटींची गायकी, बंद झाली. यामागचा विचार राष्ट्रवादी विचारवंत झिया ग्योकाल्प यांनी १९२३ मध्येच मांडून ठेवला होता: दरबारी संगीत परकं आणि रोगट, खरं संगीत खेड्यातलं, त्याला पाश्चात्त्य स्वरमेळाची जोड दिली की राष्ट्रीय संगीत तयार होईल. मन विषण्ण होतं ते एका साध्या गोष्टीनं. अतातुर्कांना स्वतःला हीच जुनी गाणी प्रिय होती. साफिये आयला यांच्यासारख्या गायिकांना ते खास बोलावून ऐकत. म्हणजे जे गाणं राष्ट्रपतींच्या मैफलीत चालत होतं, ते जनतेच्या कानाला वर्ज्य ठरलं. ही बंदी साधारण वीस महिने टिकली. तेवढ्या काळात लोकांनी काय केलं? पाश्चात्त्य सिंफनी ऐकल्या? ज्यांच्याकडे रेडिओ होता त्यांनी काटा फिरवला आणि अरबी केंद्रं लावली.

हे वाचताना मराठी माणसाला बाळकृष्ण विश्वनाथ केसकर आठवल्याशिवाय राहू नयेत. केसकर पुण्याचे, व्यासंगी, शास्त्रीय संगीताचे निस्सीम चाहते. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाल्यावर त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून सिनेसंगीत हद्दपार झालं, आणि सगळ्या देशानं रेडिओ सिलोन लावला. १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून सरकारला माघार घ्यावी लागली. केसकरांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. शास्त्रीय गायक-वादकांना आकाशवाणीनं त्या काळात जो आधार दिला तो खरा आहे. पण चांगल्या हेतूनं लोकांच्या कानाला शिस्त लावायला जावं तर काय होतं, हे आपण आपल्या घरात पाहिलेलं आहे. मग अंकाराकडे पाहताना आपल्याला फक्त 'आधुनिकता' का दिसते?

याला जे उत्तर मिळतं ते वजनदार आहे आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. प्रजासत्ताकानं केवळ बंद केलं नाही, उभंही केलं. १९३६ मध्ये अंकाराची संगीतशाळा स्थापन झाली, तिच्या आखणीसाठी जर्मन संगीतकार पाउल हिंडेमिट आले. त्याच वर्षी हंगेरीचे संगीतकार बेला बार्टोक तुर्की संगीतकार अदनान सायगुन यांना सोबत घेऊन अदानाच्या परिसरात धनगरांची, भटक्या जमातींची गाणी ध्वनिमुद्रित करत फिरले. मुझफ्फर सारसोझेन यांनी खेडोपाडी फिरून हजारो लोकगीतं टिपली. नाहीतर ती म्हाताऱ्या माणसांबरोबर गेलीच असती. सगळं खरं. पण त्या झोळीत काय पडलं आणि काय गाळलं गेलं, तेही बघा. अनातोलियात कुर्दी, आर्मेनियन, ग्रीक, लाझ अशा अनेक भाषांत गाणी होती. रेडिओच्या समूहगायनात ती आली तेव्हा कित्येकांवर तुर्की शब्द चढलेले होते. चाल घेतली आणि भाषा दाराबाहेर ठेवली. जतन करणारा हात आणि पुसणारा हात एकच होता. त्यातल्या पहिल्याचेच गोडवे गायचे, हा इतिहास नव्हे.

अराबेस्क या शहरी, दुःखभरल्या लोकप्रिय गाण्याचा किस्सा तर या विषयाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबतो. पन्नास-साठच्या दशकांत अनातोलियातली माणसं लाखांनी इस्तंबूल, अंकारा, इझमिरकडे निघाली. शहराच्या कडेला त्यांनी रातोरात घरं उभी केली. त्या घरांना तुर्कीत नावच 'गेजेकोंडू', रात्रीत उतरलेलं. गाव सुटलं होतं आणि शहर आपलं म्हणत नव्हतं. त्या मधल्या अवस्थेचं गाणं १९६० च्या दशकाअखेर ओरहान गेंजेबाय यांच्या हाती आकाराला आलं: लोकवाद्य बालामा, तिला वीज जोडलेली, मागे कैरोच्या सिनेमातल्यासारखा व्हायोलिनचा ताफा, आणि नशिबाला, जगाला, देवालाही जाब विचारणारे शब्द. त्यात आपलाही एक धागा आहे. राज कपूरचा 'आवारा' पन्नासच्या दशकात तुर्कस्तानात तुफान चालला होता, आणि मिसरी व हिंदी सिनेमांचं ते अश्रूंनी भिजलेलं जग त्या प्रेक्षकाच्या मनात आधीच मुरलेलं होतं. अराबेस्क हे नावही टीकाकारांनी दिलेलं. गेंजेबाय यांना ते कधीच पटलं नाही.

१९६४ मध्ये स्थापन झालेल्या टीआरटी या सरकारी प्रसारण संस्थेनं या गाण्याला दार बंदच ठेवलं. देशात दुसरं रेडिओ-टीव्ही केंद्र नाही, आणि देशातला सगळ्यात लाडका गायक त्या एकमेव केंद्रावर नाही! मग हे गाणं वाजलं कुठे? गेजेकोंडूतून कामाला जाणाऱ्या माणसांना घेऊन धावणाऱ्या मिनीबसमध्ये. ड्रायव्हरच्या डोक्याशी लटकणारी झालर, आरशाला बांधलेला निळा मणी, टेपमध्ये गेंजेबाय नाहीतर फेर्दी तायफूर यांची कॅसेट, आणि खांद्याला खांदा लावून उभी असलेली पहाटपाळीची माणसं. सुशिक्षितांनी त्याला 'मिनीबस संगीत' म्हणून हिणवलं. त्यात डावेही मागे नव्हते. त्यांच्या मते हे रडगाणं कामगाराला लढण्याऐवजी नशिबाला दोष द्यायला शिकवत होतं. या आक्षेपात तथ्य नाही असं नाही. म्युस्लुम ग्युर्सेस यांच्या कार्यक्रमांत तरुण पोरं ब्लेडनं स्वतःच्या अंगावर वार करून घेत. ते पाहून कुणाच्याही पोटात कालवेल. पण त्या पोरांच्या छातीत एवढं काय साठलं होतं, हे विचारायचं सोडून त्यांचा गायक रेडिओवर नको असं ठरवण्यानं कुणाचं भलं झालं? सरकारचा कान आणि विरोधकांचा कान एकाच जातीचा निघाला, ही मला त्यातली खरी शोकांतिका वाटते.

पुढे पंतप्रधान म्हणून तुर्गुत ओझाल आले. त्यांना या मतदाराचं मोल कळलं होतं. १९८८ मध्ये त्यांच्या पक्षाच्या प्रचारात अराबेस्क वाजलं. लगेच १९८९ मध्ये सांस्कृतिक खात्याच्या पुढाकारानं 'वेदना वगळलेलं' अराबेस्क तयार करवून घेण्यात आलं. हाक्की बुलुत यांनी ते गायलं. ज्या गाण्याचा जन्मच दुःखातून झाला, त्यातून दुःख काढून द्या अशी सरकारी मागणी! लोकांनी त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तरी यातला धडा कुणी घेतला नाही: बंदी उठली होती, पण काय गावं हे सांगण्याची खोड तशीच होती.

या सगळ्यात पियानोवादक फाझिल साय यांचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. २०१० मध्ये त्यांनी अराबेस्कवर आणि ते ऐकणाऱ्यांवर जाहीरपणे जहरी टीका केली, या लोकांची आपल्याला लाज वाटते असं लिहिलं. तो त्यांचा अधिकार होता. कलावंताला आवड-नावड असणारच. पण एप्रिल २०१३ मध्ये त्यांनाच दहा महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. उमर खय्यामच्या नावानं प्रसिद्ध असलेल्या ओळी ट्विटरवर टाकल्या म्हणून, धर्मभावना दुखावल्या म्हणून. २०१६ मध्ये ते निर्दोष सुटले, ही समाधानाची बाब. मात्र खटला चालू असताना त्यांच्या पाठीशी कोण उभं होतं आणि कोण नव्हतं? ज्या मोठ्या जनसमूहाला आपण कालपर्यंत गावंढळ म्हणत होतो, तो आपल्या स्वातंत्र्यासाठी रस्त्यावर उतरेल अशी अपेक्षा तरी कशी करणार? त्याच २०१३ मध्ये ओरहान गेंजेबाय कुर्दी प्रश्नावर एर्दोआन सरकारनं नेमलेल्या 'सुज्ञ व्यक्तींच्या' समितीत होते. तिरस्काराचा हिशोब असा फिरून येतो.

'कलावंतानं राजकारणात पडूच नये' हा सल्लाही या चर्चेत हमखास येतो. गायिका ब्युलेंत एर्सोय राजकारणात पडली नव्हती. १९८१ मध्ये लंडनमध्ये लिंगबदल शस्त्रक्रिया करून ती मायदेशी परतली, एवढंच तिनं केलं होतं. लष्करी राजवटीनं तिला रंगमंचावर उभं राहायलाच बंदी केली. ती १९८८ पर्यंत टिकली. रुही सू हा ऑपेराचा गायक. राजकीय मतांपायी पन्नासच्या दशकातली पाच वर्षं तुरुंगात काढली, आणि शेवटी कर्करोगावर उपचारांसाठी परदेशी जायचं तर पासपोर्ट वेळेत मिळाला नाही. १९८५ मध्ये तो गेला. रॉक गायक जेम काराजा याचं नागरिकत्व १९८३ मध्ये काढून घेतलं. गायिका सेल्दा बाजान हिला त्याच काळात पुन्हा पुन्हा अटक झाली. यातल्या काहींनी उघड भूमिका घेतली होती, काहींनी नव्हती. राजकारण त्यांच्या दारात आलं ते दोन्ही बाबतीत आलं.

दुसरा एक आक्षेप जास्त टोकदार आहे: तुर्की समाजच परंपरानिष्ठ आहे, सरकार फक्त जनभावना ऐकतं. याला माझं उत्तर झेकी म्यूरेन. चमचमते झगे, डोळ्यांत काजळ, कानांत कुंडलं, कधी तोकडे स्कर्टसुद्धा, असा हा गायक अनातोलियातल्या कर्मठ घरांतही देवासारखा ऐकला गेला. लोक त्याला 'कलेचा सूर्य' म्हणत. २४ सप्टेंबर १९९६ ला इझमिरच्या टीआरटी स्टुडिओत त्याचा सत्कार होता. १९५१ मध्ये ज्या मायक्रोफोनवर तो पहिल्यांदा रेडिओवर गायला, तोच मायक्रोफोन त्याला भेट दिला गेला, आणि काही वेळातच तो कोसळला आणि गेला. आपली सारी मालमत्ता त्यानं शिक्षण आणि सैनिक-कल्याण यांसाठीच्या दोन संस्थांना ठेवली होती. या माणसावर प्रेम करायला तुर्की जनतेला कुठल्या परवान्याची गरज पडली नाही. जनतेचा कान सरकारला वाटतो त्याहून बराच मोठा असतो.

पण कधी कधी तोच कान सरकारचा होऊन बसतो, हेही मला सांगितलंच पाहिजे. १० फेब्रुवारी १९९९ ची इस्तंबूलमधली रात्र. मनोरंजन-पत्रकारांच्या संघटनेचा पुरस्कार सोहळा, गोल टेबलं, जेवण, उंची कपडे. अहमत काया पुरस्कार घ्यायला उभा राहतो. मलात्याचा, वडील कुर्द, आवाज खरखरीत आणि खोल. डाव्यांना तो फार अराबेस्क वाटायचा आणि अराबेस्कवाल्यांना फार डावा, तरी कॅसेटी लाखांनी खपायच्या. तो म्हणतो, पुढच्या अल्बममध्ये मी एक कुर्दी गाणं गाणार आहे, त्याचा व्हिडिओही करणार आहे, आणि तो दाखवण्याची हिंमत असणारे लोक या सभागृहात आहेत हे मला ठाऊक आहे. बस्स, एवढंच. आरडाओरडा सुरू होतो. टेबलांवरचे काटे-चमचे, सुऱ्या त्याच्या दिशेनं भिरकावल्या जातात. बायकोसह त्याला कसंबसं बाहेर काढावं लागतं. आणि सभागृह उभं राहून गाऊ लागतं: प्रजासत्ताकाच्या दशकपूर्तीसाठी १९३३ मध्ये रचलेलं कूचगीत. तिथं एकही पोलीस शिपाई हुकूम देत नव्हता. फेकणारे हात गायकांचे, नट-नट्यांचे, निवेदकांचे होते, ज्यांची रोजीरोटीच आवाजावर चालते त्यांचे. एक भाषा साठ-पासष्ट वर्षं रेडिओवर ऐकूच दिली नाही, तर ती कानावर पडताच हात सुरीकडे जातो. १९३४ चा हुकूम वीस महिन्यांत संपला असं पुस्तकं सांगतात. मला तो त्या सभागृहात जिवंत दिसतो.

काया त्याच वर्षी फ्रान्सला निघून गेला. पाठीमागे त्याला तीन वर्षं नऊ महिन्यांची शिक्षा सुनावली गेली. १६ नोव्हेंबर २००० ला पॅरिसमध्ये हृदयविकारानं तो वारला, वय त्रेचाळीस.

आता एर्दोआन यांच्या बाजूनं बोलणारे इथेच बोट ठेवतात: पाहा, कायाला छळलं ते तुमच्या धर्मनिरपेक्षांनी, आमच्या काळात १ जानेवारी २००९ पासून टीआरटीची कुर्दी वाहिनी आली, २०१३ मध्ये कायाला मरणोत्तर राष्ट्राध्यक्षांचा पुरस्कार मिळाला. खरं आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये दियारबाकरच्या व्यासपीठावर तर ३७ वर्षं परागंदा असलेला कुर्दी गायक शिवान पेरवेर आणि अराबेस्क गायक इब्राहिम तात्लसेस एर्दोआन यांच्या साक्षीनं एकत्र गायले. त्या दिवशी अनेकांचे डोळे भरून आले असतील, आणि ते अश्रू खोटे नव्हते. पण २०१५ मध्ये कुर्दी बंडखोरांशी चाललेली शांतता-बोलणी फिसकटली आणि हवा पालटली. मे २०२२ मध्ये आयनुर दोआन या कुर्दी गायिकेचा देरिंजे इथला कार्यक्रम पालिकेनं 'योग्य नाही' म्हणून रद्द केला. त्या उन्हाळ्यात एकामागून एक उत्सव गव्हर्नरांच्या हुकमांनी गुंडाळले गेले. वरून दिलेलं वरूनच काढून घेता येतं. गाण्याची परवानगी नेत्याच्या मर्जीवर असेल, तर मर्जी फिरल्याची तक्रार करायला जागाच कुठे राहते?

मग तुम्ही सगळ्यांना एकाच मापानं मोजता का, असा प्रश्न येईल. नाही. हेलिन ब्योलेक २८८ दिवसांच्या उपोषणानंतर ३ एप्रिल २०२० ला मरण पावली, इब्राहिम ग्योक्चेक ७ मे ला. दोघं 'ग्रुप योरुम' या डाव्या गायकवृंदाचे, आणि त्यांच्या मागण्यांत मुख्य मागणी होती ती आमच्या कार्यक्रमांवरची बंदी उठवा, ही. सरकार म्हणतं, हा वृंद एका सशस्त्र संघटनेशी जोडलेला आहे. त्या संघटनेनं माणसं मारली आहेत, तुर्की जनतेनं बॉम्बस्फोटांचं दुःख भोगलं आहे, हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. ज्यानं गुन्हा केला त्याच्यावर खटला भरा, पुरावे मांडा. पण वृंदच्या वृंद मुका करायचा, मैफल ऐकायला येणाऱ्या हजारोंचे कान बंद करायचे, हा न्याय कुठला? दोन तरुण गाणाऱ्यांनी भुकेनं मरावं इतकी ती मागणी मोठी होती का? आजची दडपशाही १९३४ पेक्षा कितीतरी क्रूर आहे. मी एवढंच म्हणतो की तिची हत्यारं, म्हणजे केंद्रानं नेमलेला गव्हर्नर, सार्वजनिक सुव्यवस्थेचं कारण, 'राष्ट्राला शोभेल असं' हा निकष, ही सगळी आधीच्यांनी घडवून कपाटात ठेवलेली होती.

आणि हे कपाट उघडणारा माणूस कोण, तर ज्यानं त्याचा फटका स्वतः खाल्ला तो. डिसेंबर १९९७ मध्ये सिर्तच्या सभेत कवितेच्या ओळी म्हटल्या म्हणून एर्दोआन यांना शिक्षा झाली. १९९९ मध्ये ते चार महिने तुरुंगात होते, आणि त्याच वर्षी त्यांच्या आवाजातल्या कवितांची कॅसेटही निघाली. ज्यानं ओळींसाठी तुरुंग भोगला, त्यानं २०२२ च्या जानेवारीत मशिदीत उभं राहून आदम-हव्वाविषयी वावगं बोलणाऱ्या जिभा छाटणं हे कर्तव्य आहे असं म्हणावं! रोख गायिका सेझेन अक्सू हिच्या २०१७ च्या एका गाण्याकडे होता, असंच सगळ्यांनी घेतलं. पुढे एर्दोआन यांनी तसं नव्हतं म्हणून सारवासारव केली. याच सेझेननं २०१० च्या घटनादुरुस्ती सार्वमतात सरकारच्या बाजूनं कौल दिला होता, लष्करशाहीचा वारसा संपेल या आशेनं. तेव्हा तिच्या जवळच्यांनी तिला बोल लावले. मी लावणार नाही. तिची आशा खरी होती. पण २०२२ मध्ये तिनं उत्तरादाखल जे शब्द लिहिले, ते पन्नासहून अधिक भाषांत पोहोचले, आणि या वेळी तिच्यासाठी बोलणाऱ्यांत तिच्यावर रागावलेलेही होते. नव्वद वर्षांत इतकी वेगवेगळी माणसं एका गायिकेसाठी एकत्र बोलल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

अहमत काया आजही पॅरिसच्या पेर लाशेज स्मशानात आहे. त्या रात्री ज्याचा त्यानं उल्लेख केला ते कुर्दी गाणं त्याच्या मृत्यूनंतर, २००१ मध्ये निघालेल्या अल्बममध्ये आलं. आज ते कुणालाही फोनवर ऐकता येतं, इस्तंबूलमध्ये आणि पुण्यातही. त्याला मात्र ते तुर्की प्रेक्षकांसमोर गाता आलं नाही.